म्हण हाणायची असती

मंजुषाला इंग्रजी म्हणी अशा पाठ, की झोपेत विचारा! पण ऐन वेळेला एक तोंडातून निघंल तर शपथ. उद्या धाराशिवात मुलाखत, इंग्रजी शाळेत बाईंची जागा. शिकवायचं वेड तिला लग्नाआधीपासूनचं. आन् तिथले सर म्हणं बोलता बोलता म्हण वापरायला लावतात! म्हणून बेंबळी गावातल्या घरात भाकरी थापतानाबी पुटपुटणं चालू.

तूर निवडता निवडता सासू, द्वारकाबाई, खेकसली, "अगं, म्हण काय जप करायला असती व्हय? म्हण कुणाला तरी हाणायची असती!"

"म्हंजे ओ, आत्याबाई?"

"समोर माणूस पायजे. त्यो बघ तुझा नवरा. कधी नव्हं ते आज ताट उचलायलाय. हाण!"

"वन्स इन अ ब्लू मून!" मंजुषानं हाणली.

शिवशंकर ताट धरून जागीच थबकला. "काय म्हणली ही?"

"तुमी कामाला हात लावायचा म्हंजे आमावस्या-पुनवेलाबी न्हाय!"

तेवढ्यात मांजरानं दूध लवंडलं. सासूचं जे रडगाणं सुरू झालं, ते थांबंचना. मंजुषा आता रंगात आलेली. "नो यूज क्रायिंग ओव्हर स्पिल्ट मिल्क, आत्याबाई! सांडलं ते सांडलं, रडून काय माघारी येतंय?"

"आगं बया, मलाच हाणली!" म्हातारी लई खूश.

दुसऱ्या दिवशी सासू सोबतच गेली, दाराबाहेर बाकड्यावर बसली. आत सरांनी विचारलं, "एखादी म्हण वापरून दाखवा." झालं! मंजुषाचं डोकं कोरं. कुणाला हाणायची?

सर घसा खाकरून म्हणले, "बरं, राहू द्या. तसं... गाव लांब... घरी शेती... मोठी माणसं... म्हणजे कसंय, रोजचं येणं-जाणं..."

मंजुषाचे डोळे चमकले. गावला की माणूस!

"सर, डोंट बीट अराउंड द बुश! आडून आडून कशाला? घरचे पाठवतील का, एवढंच इचारायचंय ना? सासू भाईर बसलीय, इचारा!"

मंजुषानं जीभ चावली. गेली नोकरी!

दारातून द्वारकाबाईनं मुंडकं आत घातलं. "सायेब, इंग्रजी मला कळत न्हाय. पण बरोबर लागली, एवढं भाईरनं कळलं. आन् पाठवायचं म्हणाल तर, म्या सोडायलाच आलेय तिला!"

सर खुर्चीत डुलून डुलून हसले. "बाई, सोमवारपासून या. पोरांना असंच शिकवायचं."

मंजुषा आनंदानं अशी सुटली, की सासू राहिली शाळेत आन् ही पार रस्त्यावर!