छपराच्या नारळाचा लिलाव

आमच्या गावच्या मराठी शाळेला गेल्या वर्षी निधी आला, तो रंगासाठी. तिसरी-चौथीच्या खोलीचे पत्रे गंजून चाळण झालेले, आणि वरून आदेश असा, की भिंतींवर प्राणी काढा. काढले. पावसात हत्तीच्या सोंडेतून खरंच पाणी यायला लागलं आणि पोरं देवळात बसायला गेली.

मुलगा-सून पुण्याला कामाला, नात माझ्याकडे, म्हणून पालक या नात्याने मी शाळेच्या समितीवर आहे. मी चौथी शिकले तीही याच खोलीत. त्याचं मला काही कौतुक नाही, खोली तेव्हाही गळायची.

उन्हाळ्यात बैठक झाली. हेडबाई म्हणाल्या, "छपरासाठी तालुक्याला तीनदा लिहिलंय. आपला नंबर अजून लागला नाही." तोवर निम्मी पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून वळसंगला जायला लागली होती. पट आणखी घसरला असता, तर शाळेला कुलूप लागलं असतं आणि माझ्या नातीला दुसऱ्या गावाला चालत जावं लागलं असतं.

"आपणच घालू की पत्रे," मी म्हटलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

हीच माणसं जत्रेत कशी असतात ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे देवापुढे पहिला नारळ फोडायचा मान लिलावात जातो. माझे दोन चुलत दीर, थोरले वरच्या आळीला, धाकले खालच्या आळीला, एकमेकांशी बोलत नाहीत, पण दरसाल एकमेकांवर बोली चढवतात. त्या पैशातून देवळाला दोन कमानी झाल्या. तिसरी झाली तर देवाला बाहेर पडायला वाट राहायची नाही.

मी दवंडी दिल्यासारखं सांगत सुटले, की शाळेच्या छपराचा नारळ फोडायचा लिलाव आहे, संध्याकाळी पारावर, आणि बोली पत्र्यांत.

हेडबाई घाबरल्या. "आजी, काम अजून मंजूर नाही."

"नारळ मंजूर हाय, बाई."

पारावर अख्खं गाव जमलं. थोरले भावजी मिशीवर हात फिरवून म्हणाले, "पाच पत्रे."

"पाच पत्र्यांत कोंबड्यांचं खुराडं हुतंय," खालून धाकले म्हणाले. "धा."

"पंधरा."

"वैनी, ह्यो पत्रे नवे देणार का गोठ्यावरचे काढून?" धाकल्यांनी मला विचारलं.

"त्येला सांगा, तुझ्या गोठ्यावर तर आभाळच हाय," थोरले मलाच म्हणाले. "वीस. वर लोखंडी अँगल माझे."

धाकले पुढे सरसावले, तर त्यांच्या बायकोने मागून धोतर धरलं. नारळ थोरल्यांचा झाला. खोली झाकून उरतील ते पत्रे पोरांची खिचडी शिजते त्या आडोशाला लावायचे ठरले.

काम सुरू झालं त्या दिवशी भावजींनी फेटा बांधून नारळ फोडला. सगळ्यांच्या हातात खोबरं पडलं तेव्हा मी विचारलं, "भावजी, पत्रे लई झ्याक. पर खाली तुमच्या घरचं कोण बसणार?"

त्यांचा नातू पिवळ्या गाडीतला. लोक हसले. सगळ्यांत जास्त धाकले हसले.

"तुमची दोघं बी त्याच गाडीत असत्यात की," मी त्यांना म्हटलं. मग ते खोबरं चावत बसले.

शाळा उघडायच्या दिवशी नातीला घेऊन गेले, तर फाटकाला अजून कुलूप होतं आणि धाकले भावजी दोन्ही नातवंडांना धरून उभे होते. हेडबाई कुलूप काढतायत तोवर थोरले नातवाला घेऊन आले. धाकले आधी आलेले बघून त्यांचं तोंड उतरलं.

"बाई, आदी माझ्या नातवाचं नाव घाला," ते म्हणाले. "पत्रा माझा हाय."

"मी दिस उगवायच्या आदीपास्नं हितं उभा हाय," धाकले म्हणाले. तेही थेट थोरल्यांकडे तोंड करून; किती वर्षांनी कोण जाणे.

हेडबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"पोरं आत घ्या, बाई," मी म्हटलं. "म्हातारी ऱ्हाऊ द्यात भाईर."