उत्तराकाकूंचे दरोडेखोर

नागपूरला टेक्स्टाइल इंजिनिअर झालेल्या उत्तराकाकूंना अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत त्या शिक्षणाची नोकरी कधी मिळाली नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचे कपडे शिवणं, हेच काय ते त्यांचं म्हणण्यासारखं काम. या वर्षी तेही जायची वेळ आली. नाटक मेक्सिकोच्या क्रांतिकाळातल्या दरोडेखोरांचं होतं आणि नवा दिग्दर्शक प्रसन्न याने ऑनलाइन जरीचे चकचकीत पोशाख आधीच मागवून ठेवले होते.

"डोंगरात लपणारी माणसं जरी घालून हिंडतात का रे?" काकूंनी विचारलं.

"स्टेजवर दिसायला हवं ना, काकू."

काकूंनी हट्टाने जाड पांढऱ्या सुती कापडाचे सैल सदरे आणि विजारी शिवल्या. रुंद काठाच्या गवती टोप्या मातीने मळवल्या. छातीवर फुलीसारखे घालायचे चामडी पट्टे केले आणि त्यांत पितळी रंगाची लाकडी काडतुसं बसवली.

तालीम प्रसन्नच्या गॅरेजमध्ये होती. बाहेर टेक्सासचा ऑगस्ट भाजत होता. थोड्याच वेळात काकूंचे सदरे घातलेल्या चौघा दरोडेखोरांच्या गळ्यावरून तांबडे ओघळ उतरले. कोऱ्या कपड्याला लावायचं हळदीकुंकवाचं बोट काकूंनी सवयीने कॉलरच्या आत लावलं होतं. घामाने ते विरघळलं.

"गोळी सुटायच्या आधीच गळे कापलेत यांचे," प्रसन्न म्हणाला. "बस झालं. जय, जरीचा बॉक्स उघड."

चौघांतला जय जरी चढवून आला. दुसरा दरोडेखोर केदार याला हसू आवरेना. "वरातीतला बँडवाला, यार."

"वरून पट्टे घाल," प्रसन्न चिडून म्हणाला.

पट्टे काकूंनी केव्हाच पिशवीत भरले होते. "ते माझ्या कपड्यांवरच जातात."

"हे ब्लॅकमेल आहे, काकू."

"आहे."

प्रसन्नने जयकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "आणि त्या डागांचं काय?"

"धुळीतली माणसं गळ्याला रुमाल बांधतातच. शिवते."

प्रयोगाच्या दिवशी काकूंनी विंगेत चौघांसाठी विटक्या निळ्या रंगाचे रुमाल काढले. मग पर्समधून कुंकवाची डबी बाहेर आली.

"काकू, नाही हं," प्रसन्न म्हणाला.

"कोरे आहेत," काकू म्हणाल्या आणि चारही रुमालांच्या टोकांना शांतपणे बोट टेकवलं.

"पुढच्या वर्षी मी दुसरं कुणीतरी बघणार."

"बघ की," जयच्या छातीवरचा पट्टा आवळत काकू म्हणाल्या. "पट्टे मात्र माझ्या घरी राहतील."