अल क्वोजचे तीस दिवस

कुणाच्या अडचणीत धावून गेलं की दोन गोष्टी हमखास होतात. आपले डबे त्यांच्याकडे राहतात आणि त्यांचे किस्से आपल्याकडे. डबे कधीतरी परत येतात. किस्से कुणी परत मागत नाही, ते साठतच जातात. माझ्याकडचे हे सगळे एकाच महिन्यातले आहेत.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईत, करामा भागात राहायचो. मी एका शिपिंग ऑफिसात सेक्रेटरी होते. अल क्वोजमधली एक शर्टांची फॅक्टरी अचानक बंद पडली आणि कळलं, तिथे आपली दहा-बारा माणसं अडकलीयत. व्हिसे कॅन्सल झालेले. तीस दिवसांत नोकरी आणि व्हिसा देणारा नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर सरळ घरी.

आमच्या ओळखीचे कॉन्ट्रॅक्टर देसाईभाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही टायपिंग करा, मी गाडी चालवतो." एवढंच आमचं प्लॅनिंग.

*

पहिल्याच शुक्रवारी फॅक्टरीचे कामगार राहायचे त्या लेबर कॅम्पवर मी बायोडेटा लिहायला बसले. समोर दत्ताराम, सावंतवाडीचा कटिंग मास्टर.

"काय काय कापता येतं?"

"काहीपण. जाड, पातळ. समोर ठेवा, कापतो."

मी इंग्लिशमध्ये तसंच टाइप केलं, सर्व प्रकारच्या कटिंगचा दांडगा अनुभव. चार दिवसांत एका सुपरमार्केटमधून बोलावणं आलं. देसाईभाऊ त्याला इस्त्रीच्या शर्टात सोडून आले. तासाभरात गडी परत.

"वहिनी, मटणाचं डिपार्टमेंट होतं ते. बोकड टांगलेला, हातात सुरा दिला. म्हणाले, यल्ला, सुरू कर."

"मग?"

"मी विचारलं, माप कुठाय?"

कॅम्पभर हशा पिकला. दत्तारामही हसला. मग तो बोटांवर उरलेले दिवस मोजायला लागला.

*

दहाव्या दिवशी कॅम्पची वीज गेली. जून महिना, एका खोलीत आठ माणसं. देसाईभाऊ रोज मालकाच्या ऑफिसला फोन करायचे आणि तिकडून रोज एकच उत्तर यायचं, "टुमॉरो, इन्शाल्ला."

चिपळूणचे युसुफभाई त्या फॅक्टरीतले सगळ्यात जुने टेलर. बावीस वर्षं त्याच मशीनवर बसलेले. ते म्हणाले, "आपण इन्शाल्ला म्हटलं की काम होईल असं वाटतं. साहेब म्हणाले की झोप उडते."

वीज त्यानंतर पाचव्या दिवशी आली.

*

युसुफभाईंनी घरी काही सांगितलंच नव्हतं. पूर्वी ते फॅक्टरीतून बायकोशी बोलायचे, आता रस्त्यावरच्या कार्ड फोनवरून. एकदा मी मागे उभी होते.

बायकोने विचारलं असावं, मशीनचा आवाज का येत नाही?

"नवीन मशिनं आलीयत," युसुफभाई म्हणाले. "जपानी. आवाजच करत नाहीत."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून माझ्याकडे वळले तेव्हा चेहरा उतरला होता.

"तिला आठ दिवसांपासून माहीत आहे. कुणाच्यातरी पत्रातून कळलं. म्हणते, तुम्ही कधी सांगताय ते बघत होते."

*

लक्ष्मण सोलापूरचा. येऊन चौदाच महिने झालेले. एजंटाला पैसे द्यायला घर गहाण टाकून आलेला, त्यामुळे सगळ्यात जास्त धास्ती त्यालाच. एकदा आमच्या घरी फोन आला. माझ्या सहा वर्षांच्या मितालीने उचलला आणि मला हाक मारली, "मॉम, फॅक्टरी अंकल इज ऑन द फोन. ही इज नॉट सेयिंग एनिथिंग."

मी रिसीव्हर घेतला. नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मीच म्हणाले, "लक्ष्मण, जेवलात का?"

"हो वहिनी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या शुक्रवारी देसाईभाऊंनी त्याच्या इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस घेतली. स्वतः टाय लावून साहेब झाले. "व्हाय डिड यू लीव्ह युवर लास्ट जॉब?"

लक्ष्मण ताठ बसला. "आय नॉट लीव्ह, सर. जॉब लीव्ह मी."

इंग्लिश दुरुस्त करायचं काम माझं होतं. देसाईभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि टाय सोडला. "वहिनी, याच्यात काय दुरुस्त करणार?"

*

अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बहुतेकांची कुठे ना कुठे सोय लागली होती. दत्ताराम शारजाला पडद्यांच्या दुकानात लागला. राहिले दोघे, लक्ष्मण आणि युसुफभाई. आणि एका युनिफॉर्मच्या वर्कशॉपमध्ये टेलरची एकच जागा होती.

आम्ही दोघांनाही घेऊन गेलो. दुसरा इलाज नव्हता. मॅनेजरने दोघांना सारखं कापड दिलं, दोन मशिनं दिली आणि म्हणाला, एकेक शर्ट शिवा.

आम्ही काचेबाहेर उभे. लक्ष्मणचा दोरा दोनदा तुटला. युसुफभाई मान खाली घालून शिवत होते. मध्येच त्यांनी एकदा लक्ष्मणकडे पाहिलं, मग परत मशीनकडे.

मॅनेजर दोन्ही शर्ट घेऊन बाहेर आला. "ये बुड्ढा बोलता है बाईस साल का एक्सपीरियन्स," तो म्हणाला. "लेफ्ट की बाही राइट में लगाया, राइट की लेफ्ट में."

नोकरी लक्ष्मणला मिळाली.

दोन दिवसांनी दुपारच्या विमानाने युसुफभाई निघाले. आम्ही सगळे एअरपोर्टवर गेलो. मला राहवेना. "युसुफभाई, बाही कशी काय चुकली?"

"वय झालं वहिनी. डोळे गेले आता."

तेवढ्यात त्यांचं लक्ष मितालीच्या फ्रॉककडे गेलं. खालची शिवण उसवली होती. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, कॉलरच्या आत टोचलेली सुई काढली आणि एका झटक्यात दोरा ओवला. चष्मा खिशातच होता.