मधली जागा

एर्विन कुबेनाच्या पिकअपमध्ये त्याची बायको व्लास्ता कधी खिडकीपाशी बसली नाही. पुढचं बाकडं सलग. स्टिअरिंगपाशी एर्विन, त्याला खेटून मधोमध व्लास्ता आणि खिडकीपाशी रिकामी जागा. आमच्या टेक्सासात असं बसतात ती नव्यानं प्रेमात पडलेली पोरं. ही दोघं तर पन्नाशी ओलांडलेली. चर्चपाशी गाडी थांबली की बायका हमखास टोचायच्या, "अगं व्लास्ता, नवऱ्याला जरा श्वास घेऊ दे की!" ती हसायची, तोही हसायचा. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्या दोघांना तसं बघून मला बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

मी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये बसतो आणि आमच्या लोकांचे अपंगत्वाच्या पेन्शनचे दावे लढवतो. वकील नाही, पैसे घेत नाही, म्हणून शिव्या द्यायला मोकळा आहे. सगळ्यात जास्त शिव्या मी एर्विनला दिल्या.

इराकमध्ये तो रसदीचा ट्रक चालवायचा. एकदा ट्रकखाली सुरुंग फुटला. मागच्या पोरांचे पाय गेले, याचं नुसतं डोकं गरगरत होतं. मग दवाखान्यात कशाला जायचं, म्हणून गेला नाही आणि सैन्याच्या दप्तरी नोंद राहिली नाही. पुढे घरी आल्यावर फिट्स सुरू झाल्या. अंगाला झटके देणाऱ्या नव्हेत, गप्प करून टाकणाऱ्या. कधीतरी, फार क्वचित, असं तो म्हणायचा.

सरकारी डॉक्टरनं तपासणीला बोलावलं, तेव्हा हा गडी दाढी घोटून, बूट चमकवून गेला. कसं काय, विचारल्यावर ताठ बसून म्हणाला, "एकदम ठीक, साहेब." सैनिकाची ही खोड मेल्याशिवाय जात नाही. डॉक्टरनं ऐकलं तसं लिहिलं आणि दावा फेटाळला गेला.

आम्ही अपील केलं. अपिलात वॉशिंग्टनमधली न्यायाधीश सगळं नव्यानं तोलते. दोन्ही पारडी सारखी झाली, तर कौल सैनिकाला. आमच्या बाजूला स्फोट पाहिलेल्या सोबत्याची साक्ष होती आणि गावातल्या डॉक्टरचं मत होतं, की हे त्या स्फोटामुळेच झालेलं असू शकतं. समोर सरकारी डॉक्टरचं 'काही त्रास नाही'. आता एर्विननं स्वतःच्या तोंडानं खरं सांगायचं तेवढं बाकी होतं.

सुनावणीच्या आदल्या रविवारी हॉलमध्ये डॉमिनोचा डाव रंगला होता. एर्विनची पाळी आली. सोंगटी हातात धरून तो बसून राहिला.

"खेळ की रे, अंडी उबवतोयस का?" कुणीतरी म्हणालं.

त्याचे डोळे भिंतीवर थिजले होते. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. स्वयंपाकघरातून व्लास्ता आली, त्याच्या बोटांतली सोंगटी सोडवून तिनं ती पटावर लावली आणि म्हणाली, "याला काल झोप नाही." सगळे हसले. मी हसलो नाही.

जाताना त्याला कोपऱ्यात गाठलं. "हे असं सांगशील ना तिथे?"

"सांगितलं तर लायसन्स जाईल, अल्फॉन्स. गाडीशिवाय इथे मी करू काय? दावणीला बांधलेल्या बैलासारखा अंगणात बसू?"

"मग दावा कशाला केलास, गाढवा?"

"सप्टेंबरपासून केलीला शाळेतून मीच आणणार आहे," तो एकदम खुलून म्हणाला. केली त्याची नात. "तिच्यासाठी गाडीत बांधायची छोटी खुर्चीही आणलीय. मधे बसवणार."

व्लास्ता उरलेले कोलाचे, आमच्याकडचे फळं भरलेले गोड पाव, डब्यात भरत होती. तिचा हात थांबला. तिचा चेहरा एकदम का उतरला, ते मला तेव्हा कळलं नाही.

सुनावणी शहरातल्या सरकारी इमारतीत होती. मला हॉलमधल्या एकानं आधीच आणून सोडलं होतं. ती दोघं पिकअपनं आली, मागे नातीच्या खुर्चीचं खोकं तसंच. व्लास्ता कागदासारखी पांढरी पडली होती.

न्यायाधीश बाई पडद्यावर दिसत होत्या. काळा झगा, आवाज मायाळू. शपथ झाली.

"मिस्टर कुबेना, कसे आहात?"

"एकदम ठीक, मॅडम."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"शेवटची फिट कधी आली होती?"

"झाली असतील काही वर्षं, मॅडम."

संपलं सगळं, असं मला वाटलं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मिसेस कुबेना, तुम्हाला काही सांगायचंय?"

व्लास्तानं पर्स घट्ट धरली होती. "आज सकाळी," ती म्हणाली. "इकडे येताना, नदीच्या पुलावर. स्टिअरिंग माझ्या हातात होतं."

"म्हणजे गाडी तुम्ही चालवत होता?"

"नाही. मी मधे बसते. खांद्याला खांदा लागलेला असला की मला आधी कळतं. तो ताठरतो. मग मी चाक धरते, पायानं ब्रेक शोधते. तो परत आला की सोडते. त्याला पत्ताही नसतो."

"हे कधीपासून?"

"तो युद्धावरून आला, त्याच उन्हाळ्यापासून."

"मग तुम्हीच का नाही चालवत?"

"किल्ली देत नाही, मॅडम. भांडून पाहिलं, तर एकटाच निघायचा. म्हणून सोबत बसायला लागले. आता माझ्या जागी तो नातीला बसवणार आहे."

एर्विन तिच्याकडे बघत होता. कुणीतरी थोबाडीत मारावी तसा.

बाहेर आल्यावर तो थेट गाडीत चढला. "बस," बायकोला म्हणाला.

"नाही बसणार."

"व्लास्ता, बस म्हणतोय ना!"

ती फुटपाथवर उभी राहिली. त्यानं किल्ली फिरवली, इंजिन घुरघुरलं. उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग इंजिन बंद करून त्यानं किल्ली माझ्या अंगावर फेकली. "घे, म्हाताऱ्या. सुटलात दोघं."

निकाल पुढे हिवाळ्यात लागला, आमच्या बाजूनं. नवऱ्याच्या बाजूला बसून इतकी वर्षं चाक धरणाऱ्या बाईवर अविश्वास ठेवायला कारण नाही, असं न्यायाधीश बाईंनी लिहिलं होतं.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता. मी चालवत होतो. व्लास्ता मधे, एर्विन खिडकीपाशी, मागे ते खोकं खडखडत होतं. पूल जवळ आला आणि तिचा डावा हात वर आला. माझ्या हातांच्या मधोमध तिनं स्टिअरिंग पकडलं.

"अगं, मी आहे ना," मी म्हणालो.

तिनं ऐकलंच नाही. मी पलीकडे पाहिलं. एर्विनचे डोळे काचेवर थिजले होते आणि ओठ हलत होते.

पूल गेला. एर्विन परत आला, "काय उकाडा आहे," म्हणाला. घर येईपर्यंत व्लास्तानं हात काढला नाही आणि मीही तिला काढ म्हणालो नाही.