मराठी कळणारा एकटा

तमिळ मुलखातल्या एन्नोरच्या एका औष्णिक वीजकेंद्रात विद्याधर पाळीप्रमुख होता. माणूस कामाला वाघ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बॉयलरचा दाब जरा हलला आणि वरून फोन आला, की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कंपनीने राग आवरण्याचं शिबिर घेतलं, तिथे दहापर्यंत आकडे मोजायला शिकवलं. विद्याधर इमानेइतबारे दहा मोजायचा आणि अकराव्याला शिवी हासडायचा.

तमिळ त्याला बेताचंच येई, त्यामुळे तमिळमध्ये तो सभ्य होता. राग मात्र मराठीतच यायचा, आणि कंट्रोल रूममध्ये मराठी कळणारा एकच, तंजावरी मराठी घरातला रंगा. चूक कोणाचीही असो, वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू येई, शब्द सगळे रंगाच्या वाट्याला. एकदा रंगाने वाफ गळतेय म्हणून कळवलं आणि तसं काही निघालं नाही. "तुझ्यासारख्या गाढवाला इथे घेतलं कोणी?" इथून विद्याधरने जी सुरुवात केली, तो रंगाचे आईबाप काढूनच थांबला.

पुढच्या खेपेला पाइपापाशी फुसफुस ऐकू आली, तेव्हा रंगाने कळवलंच नाही. आधी खात्री करावी म्हणून स्वतःच जवळ गेला. वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

विद्याधर इस्पितळात गेला तेव्हा रंगाची आई हेमावती उशाशी बसली होती. त्याचं मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला.

"या, बसा. तुम्हीच ते सार? घरी सांगतो हा, वरचे सार आपल्या भाषेत बोलतात म्हणून. मला केवढा धीर वाटायचा."

विद्याधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराने घरी एवढंच सांगितलं होतं. गप्प राहिला असता तर सगळं झाकून गेलं असतं, हे त्यालाही कळत होतं.

"काकू, मी काय बोलतो ते नाही सांगितलं त्याने?"

"वेण्डाम सार," रंगा हलकेच म्हणाला. नको.

पण विद्याधरने सांगितलं. गाढव म्हटलेलं सांगितलं, आईबाप काढल्याचं सांगितलं, आणि त्या धाकानेच रंगा न कळवता वाफेजवळ गेला, हेही सांगितलं. "माझं चुकलं," म्हणताना त्याला रडू आवरेना.

हेमावतीने मुलाचा बँडेज बांधलेला हात उशीवर नीट ठेवला. मग तिने फ्लास्कमधली कॉफी ओतून पेला त्याच्यापुढे धरला.

"काफी साप्पिडुंग, सार." कॉफी घ्या.

विद्याधर उठेपर्यंत ती त्याच्याशी मराठीतला एकही शब्द बोलली नाही.