भागीरथाबाईच्या दोन बंदुका

भागीरथाबाईला गर्व होता, आणि तो ती लपवत नसे. गर्वाचं घर खाली, असं कोणी ऐकवलं तर म्हणायची, "आमचं घर पयलेच खाली होतं बापा, आता अजून कुठं जाईन?"

वांकिडीपासून इचोड्यापर्यंत, आणि वसंत पंचमीला थेट बासरपर्यंत, जिथं जत्रा किंवा मोठा बाजार भरेल तिथं तिचं फुगे फोडायचं दुकान लागायचं. दोन बांबू, त्यांना ताणून बांधलेली जाड गोधडी, गोधडीपुढं फुग्यांच्या ओळी, आणि अलीकडच्या फळीवर छर्र्यांच्या दोन बंदुका. तेव्हा राज्य आंध्र प्रदेश होतं आणि आदिलाबाद जिल्हा एकच, अफाट. बसमध्ये बंदुका गुंडाळलेली गोणपाटाची लांब वळकटी पाहून तेलुगू कंडक्टर विचारायचा, "एमम्मा, तुपाकी?" ही ताठ मानेनं सांगायची, "हो, तुपाकीच हाय. तिचं तिकीट मागू नको, ते मांडीवर बसते."

दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, देवाजीचं. त्याआधी दोघंही दुसऱ्यांच्या वावरात राबत. कापूस वेचायचा तर दुसऱ्याचा, ज्वारी कापायची तर दुसऱ्याची. देवाजीनं कुठूनशी नागपूरहून एक जुनी छर्र्याची बंदूक आणली आणि त्या बंदुकीनं दोघांना वावरातून बाहेर काढलं. पुढं देवाजी वारला. तेव्हा लोक म्हणाले, बाईच्या हाती बंदूक शोभत नाही. भागीरथाबाई म्हणाली, "इतके साल इळा शोभला ना? मंग हे बी शोभन." आणि तेरावा महिना लागायच्या आत ती दुकान घेऊन जत्रेत उभी होती.

त्या जुन्या बंदुकीचा घोडा दोन टप्प्यांचा होता. बोटानं ओढला की आधी तो सैल मागं यायचा, मग एका जागी अडायचा. तिथं थांबायचं, नेम नीट धरायचा, श्वास सोडायचा, आणि मग जरासं दाबलं की छर्रा सुटायचा. देवाजी बायकोला शिकवताना म्हणायचा, "पयले उंबरठ्यापर्यंत ये, मंग घरात पाय टाक." ही गोष्ट भागीरथाबाईला चटकन कळली होती.

नवी बंदूक मात्र तिनं स्वतः घेतली, देवाजीच्या मागं. काळीभोर नळी, तेल पाजलेला दस्ता. हिचा घोडा एका टप्प्याचा. त्यात सैलपणा नाही आणि उंबरठाही नाही. बोट टेकवलं की सरळ दाबत जायचं, आणि ती नेमकी कधी सुटेल ते धरणाऱ्यालाही कळू नये. ज्याला हे साधलं त्याचा नेम सुतासारखा सरळ जायचा, आणि घाई करणाऱ्याची ती जागच्या जागी फजिती करायची. पहिले काही दिवस खुद्द भागीरथाबाईचेच छर्रे गोधडीत जाऊन रुतले. तिनं रोज फुगे टांगून त्या बंदुकीला वश केलं, आणि वश केलेल्या वस्तूचा दिमाख काही वेगळाच असतो. साध्या गिऱ्हाइकाला जुनी द्यायची, आणि कोणी मानकरी आला की नवी पुढं करायची. ज्याच्या बोटाला जी मानवेल ती त्याला द्यावी, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण नव्या बंदुकीची मिजास आडवी यायची.

एका साली वांकिडीच्या शिवरात्रीच्या जत्रेत असाच एक मानकरी आला. जत्रेच्या कमिटीचे म्होरके चंपतराव, दुकानांच्या जागा तेच ठरवत. त्यांचे नवे जावई यशवंतराव आदिलाबादला पोलिसात होते. जावईबापू पहिल्यांदाच सासुरवाडीच्या जत्रेला आलेले, मागं डोक्यावर पदर घेतलेली बायको जयवंताबाई, आणि त्यांच्या मागं निम्मी जत्रा. भागीरथाबाईनं नवी बंदूक फडक्यानं पुसून दोन्ही हातांनी पुढं केली.

यशवंतरावांनी दस्ता खांद्याला लावला आणि छर्रा गोधडीत गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला पोरं खुसुखुसु हसली. पाच झाले तरी एक फुगा हलला नाही.

"बंदूक वाकडी हाय," यशवंतराव लाल होऊन म्हणाले. "मी दर साली फायरिंगमंदी पयला येतो. लोकायले लुटून राह्यली हे बाई."

चंपतराव पुढं झाले. "भागीरथा, जावयाचं जाऊ दे. पण बंदूक वाकडी निघाली त पुढच्या सालापासून तुले इथं जागा नाई. अन् मी इचोड्याले, बासरले बी सांगून देईन. खोटं दुकान आपल्या जत्रेत खपत नाई."

भागीरथाबाईला भीती जागेची एवढी नव्हती. एकदा नाव गेलं की सगळ्या जत्रा गेल्या, आणि जत्रा गेल्या की पुन्हा कोणाच्या तरी वावरात विळा घेऊन वाकायचं. मेले तरी ते करणार नाही, असं ती मनाशीच बोलली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अगदी ओठावर आली होती. पण ती गिळून तिनं जे पाहिलं होतं ते आठवलं. दस्ता खांद्याला टेकतो न टेकतो तोच यशवंतरावांचं बोट भसकन मागं यायचं, नेम लागायच्या कितीतरी आधी.

"जावईबापू, तुमची सरकारी बंदूक कोणती?"

"थ्री नॉट थ्री. काऊन?"

"तिचा घोडा पयले सैल येते, मंग अडते?"

"येते ना. तिथूनच तं नेम धरतो."

"हिचा अडत नाई. तुमचं बोट उंबरठा शोधून राह्यलं, अन् हिले उंबरठाच नाई. हे घ्या, जुनी."

यशवंतरावांनी जुनी घेतली. घोडा सैल मागं आला, अडला, आणि त्यांचा चेहराच बदलला. ओळखीचं माणूस भेटावं तसा. पाचही फुगे फुटले. जत्रेनं टाळ्या पिटल्या. भागीरथाबाईनंही पिटल्या, पण तेवढ्यात गर्दीतून एक पान खाल्लेला आवाज आला, "म्हंजे जुनी सरळ, नवी वाकडी. झालं ना शाबीत."

चंपतरावांनी मान डोलावली. बाईनं आपल्याच हातानं आपला खड्डा खणला होता.

"आना इकडं, मी फोडून दाखवते," ती म्हणाली.

"तुझी बंदूक," चंपतराव म्हणाले. "वाकडी असन त किती वाकडी, ते तुलेच ठाऊक. तू त फोडशीलच. तिसऱ्यानं फोडलं पाह्यजे."

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच ते तिला झोंबलं. तिनं गर्दीला विचारलं, कोण येतं? मघापर्यंत धक्काबुक्की करणारे गडी आपापल्या चपला न्याहाळू लागले. जावयाची फजिती ताजी होती.

भागीरथाबाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली. आत्तापर्यंत प्रत्येक बार उडाला की सगळी गर्दी दचकत होती, खुद्द चंपतरावांचेसुद्धा डोळे मिटत होते. एकटी जयवंताबाई पापणी हलवत नव्हती. हे भागीरथाबाईनं धंद्याच्या सवयीनं केव्हाच टिपून ठेवलं होतं.

"बाई, तुमी या."

"तिनं जिंदगीत बंदूक धरली नाई," चंपतराव म्हणाले.

"म्हनूनच. तिच्या बोटाले कोणती खोड नाई. अन् पोरगी तुमच्या घरची हाय, माह्या नाई. तिनं फोडला त कोणी बोट दाखवन का?"

यशवंतराव हसले. "येऊ द्या. हिनं फोडला त मी इथंच कान धरतो."

जयवंताबाईनं वडिलांकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि पदर कमरेला खोचून पुढं आली. भागीरथाबाईनं नवी बंदूक तिच्या खांद्याला लावून दिली. आयुष्यभराची कमाई एका नवख्या पोरीच्या बोटावर ठेवायची म्हणजे चेष्टा नव्हे. पण आवाज तिनं शांत ठेवला.

"नळीच्या टोकाची माशी फुग्याखाली ठेव. बोट टेकव, अन् बोटाले विसरून जाय. फुग्याकडंच पाह्यत राह्य, दाबत राह्य. कवा सुटली ते तुले कळलं नाई पाह्यजे."

पहिला छर्रा गोधडीत गेला. पान खाल्लेला आवाज हसला. भागीरथाबाईनं पुढचा छर्रा भरून दिला.

"म्या झटका देल्ला," जयवंताबाई हळूच म्हणाली. "आता नाई देत."

दुसऱ्याला लाल फुगा फुटला. तिसऱ्याला त्याच्या शेजारचा. मग चौथ्यालाही एक. शेवटचा छर्रा उरला तेव्हा कोणी न सांगता तिनं नळी कोपऱ्याकडं वळवली. तिथं अर्धवट फुगवलेला, लिंबाएवढा एक पिवळा फुगा होता, जो सहसा कोणी बघतही नसे. ती थांबली. बोट हललेलं कोणाला दिसलं नाही. फुगा मात्र फुटला.

सगळ्यांत आधी ओरडले ते यशवंतराव. "आमच्या घरची हाय हे," ते शेजाऱ्याचा दंड धरून सांगत सुटले, जणू तिला त्यांनीच शिकवलं होतं. मग वचन आठवून त्यांनी खरोखर कान धरला आणि तेही हसत हसत. चंपतराव लेकीकडं नुसते पाहत राहिले. घरात इतकी वर्षं वावरलेली ही पोर आपल्याला आजच दिसली, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "भागीरथाबाई, जागा तुमचीच. पुढच्या साली बी, अन् त्याच्या पुढच्या बी."

भागीरथा एका दुपारात भागीरथाबाई झाली, तू ची तुमी झाली. तिनं ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवून फुगे फुगवायला घेतले. डोळे भरले होते, गाल फुगलेले असले की ते दिसत नाही.

यशवंतरावांनी नव्या बंदुकीकडं हात नेला. एकदा पुन्हा पाहतो म्हणाले. भागीरथाबाईनं दस्त्यावर पंजा ठेवला.

"तुमची ते जुनी, जावईबापू. तिले उंबरठा हाय. ज्याले जे मानवते ते द्यावं, हे म्या मघाशीच मनावर घ्याले पाह्यजे होतं."

त्यानंतर ती मानकरी आणि साधा असा भेद करत नसे. आलेल्याला आधी रिकामी बंदूक धरायला लावायची, बोट पाहायची, आणि मग ठरवायची. जिल्ह्यातल्या जत्रांत तिच्याइतके फुगे कोणाच्याच दुकानात फुटत नसत, आणि हे ती सगळ्यांना सांगायची.

पुढच्या शिवरात्रीला वांकिडीत दुकान लागलं तेव्हा फळीवर एकच बंदूक होती. नवी मागं गोणपाटात गुंडाळलेली. गिऱ्हाइकं विचारून थकली, खुद्द सरपंचांनी मागितली, तरी बाई हलेना. "थांबा थोडं," एवढंच म्हणायची. उन्हं कलल्यावर गर्दीतून यशवंतराव येताना दिसले, कडेवर तान्हं लेकरू, आणि त्यांच्या पुढं, कमरेला पदर खोचत, जयवंताबाई. भागीरथाबाईनं वळकटी सोडली, नळी फडक्यानं पुसली आणि बंदूक दोन्ही हातांनी पुढं केली.

"घ्या बाई," ती म्हणाली, "पयला बार तुमचा."