माझ्या आवाजातली हजेरी

महाडच्या कॉलेजात मी इतरांची हजेरी लावायचो. बिरवाडीचा दोस्त सिनेमाला गेला की त्याच्या नाकातल्या आवाजात "यस सर". कापडे गावचा पोरगा भातलावणीला घरी राहिला की घोगऱ्या आवाजात "यस सर". सर मान वर करायचे नाहीत. मुलींच्या बाकावरून खुसखुस यायची, तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

तत्त्वज्ञानाचे सर पुण्याकडचे. एकदा ते यायच्या आधी टेबलामागे उभा राहून मी त्यांचाच तास घेत होतो. "मुलांनो, विचार करा. विचाराला पैसे पडत नाहीत." वर्ग लोळत होता आणि सर दारात उभे. मला वाटलं, मेलो. पण ते रागावले नाहीत.

"छान जमलंय. आता हेच तुमच्या स्वतःच्या आवाजात म्हणा."

मी तोंड उघडलं आणि कॉलेजच्या शिपायाचा आवाज निघाला. वर्ग हसला, मीपण हसलो. पण तो आवाज मी मुद्दाम काढला नव्हता.

धडाही नेमका 'मी म्हणजे कोण' हाच होता. फ्रान्समधला एक जण म्हणे सगळ्यावर शंका घेत सुटला. हा हात खरा का, ही भिंत खरी का. शेवटी त्याला कळलं, शंका घेणारा तरी आहेच. इंग्लंडातला एक म्हणाला, कालचं मला आठवतं, म्हणून कालचा तो मीच. तिसरा स्कॉटलंडचा. तो स्वतःच्या आत डोकावला, तर त्याला ऊब सापडली, गारठा सापडला, राग, आनंद, सगळं सापडलं. या सगळ्याचा मालक मात्र कुठे दिसला नाही.

सर मजेत सांगत होते. मीपण आत बघितलं. शिपाई होता, आमच्या गावचे सरपंच होते, सर होते. मी कुठे होतो?

आमचं गाव खाडीपल्याड, तुडीलच्या बाजूला. एस.टी.तून उतरून धक्क्यावर जायचं आणि हाक मारायची. होडीवाला काका आवाज ओळखून होडी सोडतो. त्या संध्याकाळी पावसाने पलीकडचा काठ पुसून टाकला होता. भरती चढत होती. माझ्यामागे बांधावरची वाट पाण्यात गेली, तेव्हा मी सरपंचांच्या आवाजात हाक दिली. गेल्या आठवड्यात त्याच हाकेवर काका जेवणावरून उठून आला होता.

"सरपंच हितं माझ्या पडवीत चा पितायत," पलीकडून उत्तर आलं. "तू कोन?"

"काका, मी हाय."

"मी कोन?"

मी नाव सांगितलं.

"नाव कोनपन सांगील. आवाज त्याचा नाय वाटत."

"मग त्याचा कसा हाय?"

काका म्हणाला, "ता मला काय ठाव? त्यानं कधी काढलाय?"

पाणी घोट्यावर आलं. मी स्वतःला सांगितलं, मी भितोय, म्हणजे मी आहे. फ्रान्सवाल्याचं मला पटलं, पण काकाला कसं पटवायचं? मग इंग्लंडवाला करून बघितला. "काका, शिमग्याला तुमी पालखीम्होरं पडलात. मी उचललं तुमाला. आठवतं ना?"

"ता अख्ख्या गावानं बघितलंय."

पाणी गुडघ्याला लागलं. एक ओंडका वाहत आला. खाडीत मगरी आहेत हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. ओंडका माझ्यासमोर थांबला आणि पाण्याच्या उलट वळला. मी ओरडलो. त्यात शब्द नव्हता.

लगेच वल्ह्यांचा आवाज आला. काकाने होडी धक्क्याला लावली, मला दंडाला धरून आत ओढलं, कंदील तोंडाशी धरला आणि बघतच राहिला.

"तू व्हय? मला वाटलं, तुझा बाप आला मुंबैवरनं. असा तोच वरडतो."

वडील गिरणीत आहेत. सणाला येतात तेव्हा मी घरात पायही वाजवत नाही. अख्ख्या गावाचे आवाज काढले, त्यांचा कधी काढायचा धीर झाला नाही. आणि माझं सगळं सोंग गळाल्यावर आतून निघाले ते वडीलच. घरी आईने विचारलं, "भिजलास का रे? जेवतोस ना?" मी नुसती मान हलवली. बोललो असतो तर तिला कोण ऐकू आलं असतं, याची मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी हजेरीत माझा नंबर आला. मी पुढच्याच बाकावर होतो, पण तोंड उघडेना. सरांनी परत नंबर पुकारला. तेवढ्यात शेजारून बिरवाडीवाला बोलला, "यस सर." मुली खुसखुसल्या. आवाज कुणाचा काढलाय, ते त्यांनी ओळखलं असावं. सर पुढच्या नंबरावर गेले.

बिरवाडीवाल्याने मला कोपर मारलं. "तुझा आवाज काढला. जमला का?"

मी इतका घाबरलो होतो की मला तो नीट ऐकूच आला नव्हता. मी त्याच्या कानाशी कुजबुजलो, "परत एकदा काढ."